घसारा

मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट निघायची. आपण जागचे हललेलो नसायचो, पण आतापर्यंत सामोरी येणारी शेतं, बाभळी, दूरचे दिवे पाठमोरे होऊन दूर दूर जाऊ लागायचे.

पस्तिशीनंतर एमबीएच्या वर्गात बसलो, तेव्हा तसंच वाटलं.

रांजणगावच्या एमआयडीसीत माझी उमेदीची वर्षं सरली ती यंत्रांच्या सहवासात. फर्स्ट शिफ्टला शेडच्या पत्र्यांतून उतरणारं दुधी ऊन, कूलंटचा आंबूस वास, तळपायांतून वर चढणारा प्रेसचा ठोका. मग बढती आली, आणि रविवारी पहाटे घोडनदीवरचं धुकं मागे टाकून वर्गासाठी पुण्याची वाट सुरू झाली. कारखान्यातून व्यवस्थापनाकडे जाणाऱ्या या वाटेवरून पुष्कळ जण आधी गेलेत. १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाचं पुस्तक लिहिणारा फ्रेडरिक टेलर कारखान्यातूनच आलेला इंजिनीअर. कामगाराची हालचाल त्याने घड्याळ लावून मोजली. पवईची तेव्हाची ‘निटी’ ही संस्था १९६३ सालची, औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी उभारलेली. मोजमापाच्या या परंपरेबद्दल मला आदर आहे.

एका रविवारी फळ्यावर घसारा आला. यंत्र वर्षाला किती झिजलं ते वहीत लिहायचं, म्हणजे झीज मान्य करायची. किती समंजस रीत! आणि भर वर्गात मला प्रेसवरचे मामा दिसले: न्हावऱ्याकडच्या उसाच्या पट्ट्यातले, हाक मारली तर ओठांकडे बघणारे. बेअरिंग जायच्या आधी त्याचा सूर कसा बदलतो, हे मला त्यांनीच शिकवलं, यंत्राला कान लावून. त्या प्रेसची झीज वर्षावार नोंदलेली आहे. मामांचा पगार खर्चाच्या रकान्यात आहे.

त्यांचे कान कुठेच नाहीत.

म्हणजे तपासणी होते. तिचा कागद दवाखान्याच्या फायलीत जातो आणि तिथेच राहतो, ताळेबंदाच्या गावाला कधी पोचत नाही. हिशेब वाचायला शिकवणारं शिक्षण मला फार मोलाचं वाटतं, कारण काय लिहिलेलं नाही तेही त्यानेच दिसू लागलं.

यंदाच्या अंदाजपत्रकात प्रेसभोवती आवाज अडवणाऱ्या आवरणासाठी मी रक्कम मागितली आहे. कारणाच्या रकान्यात आकडे लिहिलेत ते त्या फायलीतले: मामांचे, आणि त्यांच्या शेजारी नुकत्याच उभ्या राहिलेल्या आयटीआयच्या पोरांचे.