यादी आल्यावर

“मजकूर तोच आहे हो, नावं तेवढी बदलायची,” असं म्हणून गिऱ्हाईक यादी देऊन जातं. इनडिझाइनपुरतं ते खरंही आहे. डेटा मर्जचं पॅनल उघडायचं, फाइल जोडायची, नावाच्या जागी रकाना ठेवायचा, बटण दाबायचं. ४०० प्रमाणपत्रं हजर. वेळ खाते ती यादी. म्हणून हाताखाली येणाऱ्या पोरांना मी आधी एक्सेल शिकवतो, मांडणी नंतर.

एक्सेलला न विचारता शहाणपणा करायची खोड आहे. हजेरी क्रमांक ००७ टाकला की नुसता ७ उरतो. घर क्रमांक १२/४ ची तारीख होऊन बसते. बारा आकडी ओळखक्रमांक आक्रसून त्याच्या शेपटाला ‘ई+११’ लागतं, आणि टेक्स्ट फाइलमध्ये तेच उतरतं. आकडे भरण्याआधीच रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवला तर हे टळतं. नंतर केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

सेव्ह करताना साधं सीएसव्ही घेतलं की मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. मी ‘युनिकोड टेक्स्ट’ घेतो. त्यात रकाने टॅबनं वेगळे होतात, त्यामुळे पत्त्यातल्या स्वल्पविरामांचाही त्रास नाही. एवढं करूनही पानावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेलेली आणि जोडाक्षरं फुटलेली दिसली, तर दोष यादीचा नव्हे. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर लावायचा राहिलेला असतो.

मग येतात नावं. चौकटीत सगळ्यांत लांब नाव बसलं की बाकीची बसणारच, म्हणून लांबी मोजून यादी लावावी असा सल्ला सगळे देतात. इंग्रजीत तो चालतो. मराठीत एक्सेल काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘ज्ञानेश्वर’ त्याच्या हिशेबी दहा, ‘कमलाकर’ सहा. कागदावर मात्र बहुतेक फॉन्टांत कमलाकरच जास्त जागा खातो. त्यामुळे मी सगळी नावं त्याच फॉन्टात, त्याच आकारात एका पानावर एकाखाली एक ओततो. जे उजवीकडे सगळ्यांत पुढे गेलं, त्याच्या मापाची चौकट. हे करताना नजरही फिरते. जुन्या फॉन्टातून बदलून आलेल्या किंवा कुणी ‘साफ’ करून दिलेल्या यादीत गोऱ्हे हमखास ‘गोर्हे’ झालेले असतात. अर्ध्या र साठी टाकलेलं न दिसणारं जोडचिन्ह साफसफाईत उडतं आणि रफार डोक्यावर जाऊन बसतो. कुऱ्हाडे, कऱ्हाडकर, बऱ्हाटे ही नावं मी शोधून शोधून बघतो. व्यासपीठावर आडनाव चुकलेलं प्रमाणपत्र हातात पडलं की माणूस हसून घेतो, पण पुढचा जॉब दुसऱ्या प्रेसला जातो.

पत्त्यात ‘मजला’ रिकामा असेल तर ती ओळ गाळायची सोय मर्जमध्ये आहे. पण त्या ओळीत रकान्याशिवाय एखादी स्पेस जरी असली तरी ओळ हटत नाही. म्हणून स्वल्पविराम वगैरे जे काही लावायचं ते एक्सेलमध्येच जोडून आणावं. ओळखपत्रावरच्या फोटोच्या रकान्याला मथळ्यात आधी ॲटचं चिन्ह लागतं; एक्सेल त्याला सूत्र समजून अडलं तर त्याच्याआधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावं.

सगळ्यांत जास्त मजुरी वाचते ती कापणीत. एका शीटवर चार कार्डं असली की मर्ज पहिल्या शीटवर १, २, ३, ४ टाकतं. कापल्यावर चार गड्ड्या मिळतात आणि क्रम हातानं लावत बसावं लागतं. त्याऐवजी ४०० कार्डांची १०० शीटं धरून यादीच उलगडायची. क्रमांकातून एक वजा करून १०० नं भागायचं, येणाऱ्या बाकीवर यादी लावायची, बाकी सारखी असेल तिथं क्रमांकावर. पहिल्या शीटवर १, १०१, २०१, ३०१ येतात आणि कापलेल्या गड्ड्या एकावर एक ठेवल्या की क्रम लागलेला. यादी ३९७ चीच असेल तर शेवटी तीन ओळी नुसत्या क्रमांकाच्या वाढवाव्यात, नाहीतर ९८व्या शीटपासून सगळं सरकतं. कुठली गड्डी वर नि कुठली खाली, याचा कटिंगवाल्याचा घोळ होऊ नये म्हणून शीटच्या कडेला, कापून जाणाऱ्या पट्टीत, मी १ ते ४ आकडे टाकून ठेवतो. गड्ड्या उचलण्याआधी त्यानं ती पट्टी फेकायची नाही, एवढं मात्र तोंडानं सांगावंच लागतं.