भीती भलत्याच गोळीची

परभणी,
भाद्रपद शुद्ध तृतीया

प्रिय भाचीबाई,



गोळ्यांबद्दलच्या आणि पॅड-कपाबद्दलच्या तुझ्या प्रश्नांची उत्तरं फोनवरही देता आली असती, पण फोन स्पीकरवर असतो आणि घरात माणसं असतात. शिवाय वाचून झाल्यावर हे पत्र तू सासूबाईंच्या हातात ठेवावंस अशी माझी इच्छा आहे. म्हणून इथून पुढे ‘तू’ म्हणत नाही, ‘एक नवी सून’ म्हणते. ती सेलूची असेल, मानवतची असेल, जिंतूरची असेल.

तर एक नवी सून. लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, मुखवट्यांच्या साड्या, आणि पाळीची तारीख नेमकी त्याच तीन दिवसांत. घरातल्याच कुणीतरी मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणली आणि सांगितलं, सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक घे. तिचा रक्तदाब कुणी पाहिला नाही, कधी पाय सुजतो का, डोकं उठतं का, हे कुणी विचारलं नाही. दोन वर्षं मूल नको म्हणून हीच सून आशा कार्यकर्तीकडून माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायचं म्हणाली, तेव्हा मात्र अख्खं घर हादरलं. गोळ्यांनी पिशवी सुकते. पुढे दिवसच राहत नाहीत. कॅन्सर होतो.

गंमत अशी की चौकशी न करता घेतली ती गोळी जास्त मात्रेची होती, आणि जिला घर घाबरलं ती अर्ध्या शतकाहून जास्त काळ तपासली गेलेली.

पाळी पुढे ढकलणारी गोळी म्हणजे नोरेथिस्टेरॉन, साधारण ५ मिलिग्रॅमची. तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून दिवसाला तीन घेतात. ती गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते. थांबवली की दोन-तीन दिवसांत अस्तर सुटतं आणि पाळी येते. वर्षातून एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून, निरोगी बाईने घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण शरीरात गेल्यावर तिचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यामुळे ज्या बाईच्या पायात पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, जिला यकृताचा आजार आहे किंवा जिला दिवस गेल्याची शंका आहे, तिने ती घ्यायचीच नाही. महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळी, नणंदेचं लग्न, पंढरपूर असं करत जी वर्षात पाच वेळा घेते, तिचं पाळीचं वेळापत्रक विस्कटलं तर नवल नाही. आणि या गोळ्या चालू असताना दिवस राहणार नाहीत, असंही कुणी धरून चालू नये.

माला-एन जी नियमित घेते, तिला सणासाठी वेगळी गोळी लागतच नाही. पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ हार्मोनच्या आणि ७ नुसत्या लोहाच्या. लोहाच्या सात दिवसांतच पाळी येते. त्या सात बाजूला ठेवून लगेच दुसऱ्या पाकिटातली हार्मोनची गोळी सुरू केली की पाळी पुढे जाते. हे डॉक्टर सर्रास सांगतात. आता, ज्या देवीला माहेरवाशीण म्हणून घरी आणायचं तिला बाईच्या पाळीचं एवढं वावडं का, हे मी तुझ्या आजीला एकदा विचारलं होतं. तिने उत्तराऐवजी वरणाला फोडणी दिली.

पाळी लांबवणं हे या गोळीचं खरं काम नव्हे, खरं काम संततिनियमन. मराठी माणसाला संततिनियमनाची ओळख करून दिली ती रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढलं, १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यापायी नोकरी गमावली आणि खटले ओढवून घेतले. एवढं करून गोळी बघायला ते राहिले नाहीत. ते १९५३ मध्ये गेले आणि अमेरिकेत पहिल्या गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली १९६० मध्ये. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. मळमळ, गुठळ्या, पक्षाघात अशा बातम्या त्या काळच्या आहेत, आणि खऱ्याही आहेत. आज माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं ३० मायक्रोग्रॅम, सोबत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनोरजेस्ट्रेल. म्हणजे मात्रा पाचव्या हिश्श्यावर आली आणि भीती होती तेवढीच राहिली.

गुठळीची भीती पोकळ नाही, पण ती मोजून पाहावी. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० होतो आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. घरातल्या मंडळींना लग्नानंतर वर्षभरात पाळणा हललेला हवा असतो, तेव्हा या शेवटच्या दोन आकड्यांची चर्चा होत नाही.

कॅन्सरबद्दल सासूबाईंना अर्धंच सांगितलं गेलं आहे. गोळी चालू असेपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो. सोडल्यावर तो उतरत जातो आणि दहा वर्षांत नाहीसा होतो. अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका मात्र गोळीने कमी होतो, आणि ते संरक्षण गोळी सोडल्यावरही कैक वर्षं टिकतं. वांझपणाची गोष्ट तर निखालस खोटी. गोळी सोडल्यावर बहुतेक जणींना वर्षभरात दिवस राहतात, न घेतलेल्या बायकांसारखेच.

तरीही ही गोळी सगळ्यांसाठी नाही, आणि इथेच घाई नको. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर नाही. डोळ्यांपुढे नागमोडी चमक येऊन मग अर्धशिशी उठत असेल तर नाही. पस्तिशीपुढे विडी-सिगारेट ओढणारीला नाही. आपल्याकडे बायका विडीपेक्षा मिश्री जास्त लावतात. तेही डॉक्टरांना सांगून टाकावं, लाजू नये. अंगावर पाजणाऱ्या बाईने पहिले सहा महिने या गोळीपासून लांब राहावं. आणि एक गोष्ट मेडिकलवाला हमखास विसरतो: क्षयरोगाच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि ते गर्भनिरोधक गोळीचा प्रभाव मारतं. घरात कुणाचे टीबीचे उपचार चालू असतील तर हरकत नाही, पण खुद्द सुनेचे चालू असतील तर दुसरा उपाय शोधायला हवा. गोळी सुरू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, धाप लागली किंवा एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागलं, तर सण असो नसो, तडक दवाखाना गाठायचा.

जिला हार्मोन चालत नाहीत किंवा रोजची आठवण राहत नाही, तिच्यासाठी ‘छाया’ आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेली ही अस्सल भारतीय गोळी आधी ‘सहेली’ नावाने आली आणि २०१७ पासून सरकारी केंद्रांत ‘छाया’ नावाने मोफत मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. हिच्यामुळे पाळी लांबते, कमी जाते. हे ठाऊक नसलं की बाई दर महिन्याला दिवस गेल्याच्या धास्तीत राहते.

आता सुनेचा दुसरा प्रश्न: पॅड, कापड की कप?

परभणी हा कापसाचा जिल्हा. मानवत आणि सेलूचे कापसाचे बाजार जुने आहेत, शहरात वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं महेबूब बाग कापूस संशोधन केंद्र आहे. जाड, आखूड धाग्याच्या ज्या देशी कापसाला गिरणीवाले नाक मुरडतात, तोच दवाखान्यातल्या कापसासाठी चांगला, कारण नीट प्रक्रिया केल्यावर तो पाणी भराभर शोषतो. प्रक्रिया मात्र हवीच: शेतातून आणलेल्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, तो पाण्यावर नुसता तरंगतो. इतकं सगळं अंगणात असून दुकानातल्या बहुतेक पॅडमध्ये कापूस नसतोच. आत लाकडाचा लगदा आणि पाणी धरून ठेवणारी रासायनिक भुकटी, खाली प्लॅस्टिक, वर कित्येकदा जाळीदार प्लॅस्टिक. चाळीस अंशांच्या पुढे पारा जाणाऱ्या परभणीच्या उन्हाळ्यात त्या जाळीने मांड्या सोलवटतात. ‘ड्राय’ लिहिलेलं पाकीट तेव्हा बाजूला ठेवून मऊ, कापडासारख्या वरच्या थराचं पॅड घ्यावं, सुवासाचं घेऊच नये, आणि कोरडं वाटलं तरी चार ते सहा तासांनी बदलावं.

किमतीचं रडगाणं थोडं कमी झालं आहे. २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के जीएसटी बसला आणि ओरड झाल्यावर २०१८ मध्ये उठला. त्याच वर्षी ८ मार्चला राज्याने ‘अस्मिता’ योजना आणली: जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांत, विक्री बचतगटांमार्फत. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून पॅड १ रुपयाला एक आहे. काळ्या पिशवीत गुंडाळून देण्याची पद्धत मात्र कोणत्याच योजनेने गेली नाही. वापरलेलं पॅड कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती उघडं पडतं, त्याबद्दल कुणाला लाज वाटत नाही. पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेने त्यासाठी एवढंच मागितलं: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा.

कापडाला मी वाईट म्हणणार नाही. आजीच्या जुन्या सुती साडीची घडी हे काही कमअस्सल साधन नव्हे. बिघडतं ते वाळवताना. पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून न्हाणीतल्या कोपऱ्यात, परकराखाली दडपून ओलसर वाळलेलं कापड खाज आणि जंतुसंसर्ग घेऊन येतं. साबणाने धुऊन दोरीवर, उन्हात वाळवायचं. पण कापडाला भरपूर पाणी लागतं, आणि आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही.

कपाचा हिशेब इथे जमतो. पाळीत एकूण जातं साधारण ३० ते ४० मिलिलिटर, आणि कपात एका वेळी २० ते ३० मिलिलिटर मावतं. बारा तासांपर्यंत ठेवता येतो. दर पाळीच्या आधी आणि नंतर उकळायचा, मध्ये धुवायचा. चांगला कप कैक वर्षं टिकतो. ‘लॅन्सेट’च्या आरोग्यविषयक मासिकात २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा आला होता; त्यात गळती पॅडइतकीच किंवा कमी आढळली. पहिल्या दोन-तीन पाळ्या मात्र सवय होण्यात जातात, बाई वैतागते, आणि तेवढ्यावरच निकाल देऊ नये. गर्भाशयात तांबी बसवली असेल तर कप वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि काढताना तळ दाबून हवा सोडूनच काढावा, नाहीतर ओढ बसून तांबी सरकू शकते.

हे सगळं नळ, न्हाणी आणि कडी असलेल्या घरापुरतं झालं. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, तिथे फडाशेजारच्या कोप्यांत ना न्हाणी ना संडास. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरीची आगाऊ उचल दोघांच्या नावावर, आणि पाळीत एक दिवस बसलं तर खाड्याचे पैसे कापले जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात याचं काय झालं ते २०१९ मध्ये बाहेर आलं. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. पुढे तिथल्या खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं.

यातल्या कित्येक बायकांची तक्रार होती ती अंगावरून पांढरं जाण्याची, नाहीतर पाळीत जास्त जाण्याची. पहिल्यावर बहुधा औषधाचा एक कोर्स पुरतो. दुसऱ्यावर जे उपचार आधी करून बघायचे असतात त्यांत माला-एनसारखीच गोळी असते. तिने रक्तस्राव कमी होतो, अशक्तपणाही. ती नाही जमली तर पाळीपुरत्या घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली, तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकार लवकर गाठतो. आणि अशी बाई पुन्हा ऊसच तोडायला जाते, डोक्यावर मोळी घेऊन.

आता शेवटी पुन्हा ‘तू’ म्हणते. तुमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींची टोळी दसऱ्यानंतर निघेल. त्यांना जास्त जातं आणि ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला कुणीतरी दिला आहे, असं तू लिहिलं होतंस. त्यांना निघण्याआधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. आधी हिमोग्लोबिन, मग सोनोग्राफी, आणि ‘गोळ्यांनी थांबतंय का ते आधी बघू या’ असं डॉक्टरांना स्वतःहून म्हणायचं. त्याच फेरीत तुझाही रक्तदाब मोजून घे. माला-एन सुरू करण्याआधी तो आकडा मला कळव.

तुझी,
मावशी