कुलाब्याहून अलिबागेस

पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास ज्याने व्यवसाय म्हणून पत्करला त्याला आरंभीच एक लोकभ्रम टाकून द्यावा लागतो. पृथ्वी चुंबकसूचीला उत्तरेकडे ओढते अशी पुष्कळांची समजूत असते. पण तीच सूची पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर ठेवली असता ती जागच्या जागी वळून स्थिर होते, काठाकडे मुळीच सरकत नाही. कारण एका ध्रुवावर जितके बल एका दिशेस, तितकेच दुसऱ्या ध्रुवावर विरुद्ध दिशेस लागून त्यांची बेरीज शून्य होते, आणि उरते ते केवळ फिरविणारे बलयुग्म.

या बलयुग्मावरच गाउसने 1832 साली आपली मापनपद्धती उभारली. टांगलेली सूची किंचित ढळवून सोडली की क्षेत्र जितके प्रबळ तितके तिचे हेलकावे जलद होतात. परंतु ही जलदी क्षेत्राची की सूचीच्या स्वतःच्या चुंबकत्वाची, हा तंटा एवढ्या पुराव्यावर मिटत नाही, कारण हेलकाव्यांतून दोहोंचा गुणाकारच हाती येतो. म्हणून गाउसने तीच सूची दुसऱ्या सूचीला किती ढळविते हे मोजून दोहोंचा भागाकार मिळविला, आणि एकमेकींत गुंतलेल्या दोन्ही राशी मोकळ्या केल्या. एवढ्या अल्प साहित्यात इतकी मोठी गोष्ट साधणारी दुसरी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

कंपनी सरकारने 1826 साली मुंबईस कुलाब्याला वेधशाळा बांधली व 1841 पासून तेथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. 1859 च्या सप्टेंबरात सूर्यावरील उत्पातामागोमाग जे चुंबकीय वादळ उठले त्यात लंडनच्या परिसरातील ग्रिनिच व क्यू येथील स्वयंलेखी उपकरणांचे प्रकाशबिंदू छायाचित्रणाच्या कागदाबाहेर निघून गेले. कुलाब्यास मात्र निरीक्षक डोळ्यांनी आकडे वाचून नोंदवहीत उतरवीत असल्यामुळे क्षैतिज तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी, खाली गेल्याची नोंद दप्तरी राहिली. कारकुनी शिस्तीचे एवढे चीज क्वचितच झाले असेल!

या शांत कारभारात विघ्न आले ते विजेच्या ट्रामचे. विद्युत्प्रवाहाने सूची ढळते हे ओर्स्टेडने 1820 सालीच दाखविले होते. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येऊन रुळांवाटे परत जातो, आणि सगळाच्या सगळा रुळांतून परतला असता तर दोन्ही प्रवाहांचे परिणाम दूर अंतरावर बहुतांशी एकमेकांस छेदून गेले असते. परंतु त्याचा काही अंश जमिनीत पाझरून वाट फुटेल तिकडे पसरतो, आणि सूचीला तो पृथ्वीच्या स्वतःच्या चढउतारांपासून निराळा ओळखता येत नाही. ट्राम प्रत्यक्षात 1907 साली धावली. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी तत्पूर्वीच अलिबागेस चुंबकीय नोंदींची सोय करून ठेवली होती. तेथील इमारतीस लोहरहित पोरबंदरी दगड वापरला. (कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्याच्या ठाण्यात गेली, हा योगायोग तेव्हाच्या टपालखात्यास किती जाचला असेल कोण जाणे.)

पण मला मूस यांचा खरा अधिकार दिसतो तो निराळ्याच गोष्टीत. सरकारी नोकराची बदली व्हावी तशी त्यांनी वेधशाळा एका तारखेस बंद करून दुसऱ्या तारखेस उघडली नाही. 1904 पासून 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, जेणेकरून जागा बदलल्यामुळे पडणारा फरक किती आणि पृथ्वीने स्वतः केलेला किती, याचा निवाडा तर्काने नव्हे तर आकड्यांनी व्हावा. दुहेरी खर्च व दुहेरी माणसे यांचे समर्थन वरिष्ठांपुढे करणे सोपे नसते, हे मी सरकारी खात्याच्या अनुभवावरून सांगू शकतो. मूस यांनी 1846 पासून 1905 पर्यंतच्या मुंबईच्या नोंदींचे विवेचन 1910 मध्ये प्रसिद्ध केले. अलिबागचे काम आज भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते.

आता 1859 च्या त्या वादळाकडे परत वळू. 1989 च्या मार्चमध्ये ज्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालविली, त्यात विषुववृत्ताकडील वेधशाळांच्या तासवार सरासरीवरून काढलेला निर्देशांक सुमारे 589 नॅनोटेस्ला खाली गेला. कुलाब्याचे 1600 हे एका स्थळीचे तात्कालिक वाचन असल्यामुळे त्याची याच्याशी सरळ तुलना करता येत नाही, आणि त्या घसरणीतील किती भाग पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहाचा होता यावर तज्ज्ञांत अद्याप वाद चालू आहे. तो ज्या पुराव्यावर चालतो त्यात कुलाब्याच्या त्या नोंदवहीस पहिला मान आहे.