रौद्ररसाची यात्रा

शनिवार पेठेंत, रमणबागेच्या परिसरांत, माझें आयुष्य गेलें. त्यामुळें उघड्यावरील संगीतोत्सव मला नवा नव्हे. पं. भीमसेन जोशी यांनीं गुरुस्मरणार्थ १९५३ सालीं आरंभिलेला सवाई गंधर्व महोत्सव २०१७ पर्यंत अनेक वर्षें येथेंच भरे. पुढें तो मुकुंदनगरास गेला.

म्हणूनच २०१९ च्या अखेरीस आमचे धाकटे चिरंजीव पुण्यांतील ‘वीकेंडर’ उत्सवांत ‘मेटल’ संगीत ऐकावयास निघाले, तेव्हां “हा नुसता आरडाओरडा!” असें मीं सुनावलें. “अण्णा, तुम्हीं कधीं ऐकलें आहे का?” या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हतें. मी त्यांच्याबरोबर गेलों.

स्वीडनचा ‘ओपेथ’ वाद्यवृंद उभा राहिला. विजेच्या गिटारींचा भरड नाद कानीं येई, आणि ढोलांचा आघात थेट छातींत उमटे. गायकाच्या एकाच कंठांतून आधीं व्याघ्रगर्जना निघे व पाठोपाठ अत्यंत मृदु स्वर! भरतमुनींनीं आठ रसांत रौद्रासही स्थान दिलें आहे, हें मीं विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें शिकविलें. प्रत्यक्ष तो रस दारीं आला तेव्हां मात्र नाक मुरडलें.

समोर तरुण मंडळी एकमेकांस धक्के देत नाचत होती. एक जण पडला. तोंच चार अनोळखी हातांनीं त्यास उचलून उभें केलें. माझी भीति तेथेंच ओसरली.

सर्वच आवडलें असें म्हणणार नाहीं. कान दुसरे दिवशींही गुणगुणत होते. परंतु परततांना चिरंजीव वाटभर बोलत होते, आणि मी ऐकत होतों. आमच्या घरांत असें पुष्कळ वर्षांनीं घडलें.