तार तुटली तर?

टाकीतल्या पाण्याची पातळी ओळखणं अवघड नाही. स्टेनलेस स्टीलच्या तीन सळ्या आत सोडायच्या. सगळ्यांत लांब सळी तळाजवळ, मधली जिथे मोटर सुरू व्हायला हवी तिथे आणि आखूड जिथे ती थांबायला हवी तिथे. पाण्यातून किंचित करंट वाहतो, त्यावरून कोणती सळी भिजली ते सर्किटला कळतं. हा करंट ए.सी. द्यावा लागतो. डी.सी. दिला की इलेक्ट्रोलिसिस होऊन एक सळी झिजत जाते.

मधली सळी कशाला, असं या कामात नवीन आलेली मुलं विचारतात. एकाच सळीवर भागवलं, तर पाणी जरा हिंदकळलं तरी रिले टकटक करत राहतो. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे कॉन्टॅक्टरचे पॉइंट लवकर जळतात. दोन पातळ्यांमधलं अंतर मोटरला विसावा देतं.

इथपर्यंतचं सगळं पुस्तकात सापडतं. माझं लक्ष असतं ते गच्चीवरून खाली येणाऱ्या तारेवर. उन्हाने तिचं आवरण तडकतं, उंदीर ती कुरतडतात, डिश बसवणारा ती बाजूला ओढतो, टाकी धुणाऱ्यांच्या पायात ती येते. ती कधीतरी तुटणारच, हे धरूनच मी काम सुरू करतो.

खालच्या टाकीतल्या सळीची तार तुटली की करंट थांबतो. कंट्रोलर समजतो, खाली पाणी नाही, आणि मोटर बंद करतो. लोक तक्रार करतात, पण पंप वाचतो. वरच्या टाकीच्या सळीची तार तुटली तरी करंट थांबतो. आता मात्र कंट्रोलर समजतो, वर पाणी नाही, आणि मोटर चालूच ठेवतो. बिघाड तोच, परिणाम उलटा. रात्रभर गच्चीवरून पाणी वाहतं, सकाळी खालची टाकी कोरडी होते, आणि नळाला पाणी पुन्हा संध्याकाळी येणार असतं. दोन तास पाणी येणाऱ्या वस्तीत हे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

म्हणून वरच्या टाकीला मी फ्लोट स्विच पसंत करतो. तो लोंबत असताना सर्किट जोडलेलं राहील आणि पाण्याबरोबर वर उचलला गेला की तुटेल, असा जोडायचा. मग तार तुटली तर मोटर थांबते. पातळी आकड्यात हवी असेल तर तळाशी प्रेशर सेन्सर ठेवता येतो. एक मीटर पाण्याचा दाब साधारण 9.8 किलोपास्कल भरतो. कारखान्यांतले असे सेन्सर टाकी रिकामी असताना 4 मिलीअँपिअर आणि भरल्यावर 20 मिलीअँपिअर पाठवतात. शून्य आलं तर टाकी रिकामी नाही, तार तुटली आहे. ज्याने रिकाम्या टाकीसाठी शून्याऐवजी 4 निवडले, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हल्ली अल्ट्रासॉनिक सेन्सरची मागणी फार आहे. पाण्याला स्पर्श नाही, त्यामुळे क्षार बसत नाहीत, हे खरं. पण ध्वनीचा वेग 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. दुपारी काळ्या टाकीतली हवा 45 अंशांवर गेली की मीटरभर अंतरात चारेक सेंटिमीटरची चूक होते. सेन्सरच्या तोंडावर वाफेचा थेंब धरला, तर टाकी भरली असंही तो सांगू शकतो. तापमानाचा हिशेब ठेवणारा सेन्सर घ्यावा.

सेन्सर कोणताही असो, जोडीला टायमर लावाच. टाकी भरायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ झाला की त्याने मोटर बंद करावी. तार शॉर्ट झाली किंवा फ्लोट अडकला तरी तो उपयोगी पडतो.

तुमच्या सोसायटीत कंट्रोलर असेल, तर एकदा इलेक्ट्रिशियनला बोलावून मोटर चालू असताना वरच्या टाकीच्या सेन्सरची तार सोडवायला सांगा. मोटर थांबली नाही, तर त्याच दिवशी जोडणी बदलून घ्या.