कॉफी कोण करणार?

गेल्या पावसाळ्यात माझ्या फोनवर महिनाभर कॉफी मशीनचे चौदा टॅब उघडे होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी एस्प्रेसोचे व्हिडिओ बघायचे. बजेट २५ हजारांचं ठरवलं होतं, ते हळूहळू ३५ वर सरकलं. मनाला पटवायला हिशोब तयार होताच. कॅफेतली एक कॉफी २२५ रुपये, आठवड्याला चार, म्हणजे वर्षाला ४६,८००. या हिशोबाने मशीन वर्षभरात फुकट पडतं. महाग वस्तू घेताना असले हिशोब मला फार छान जमतात.

याच काळात बाबा चिंचवडचं घर बंद करून माझ्याकडे वारज्याला राहायला आले. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबांच्या पार्किन्सन्सचं निदान होऊन दोन. एकटं राहणं आता बरं नाही, असं डॉक्टर म्हणाले, मी म्हणाले, शेवटी तेही म्हणाले.

आमच्या घरात चहा आईचा आणि कॉफी बाबांची. चहा दिवसातून चारदा व्हायचा, कॉफी फक्त रात्री. माझ्या दहावी-बारावीच्या वर्षी रात्री दहा वाजता बाबा पातेल्यात दूध तापवायचे, साखर घालायचे, चमचाभर इन्स्टंट कॉफी घालायचे आणि वरून जायफळ किसायचे. जागं राहायला कॉफी आणि झोप यायला जायफळ, दोन्ही एकाच कपात. पुढे कॉफीतलं जरा कळायला लागल्यावर मी त्यांना हे दाखवून दिलं. तर म्हणाले, ‘‘पास झालीस ना?’’

माझ्याकडे आल्यावर चौथ्या की पाचव्या रात्री त्यांनी कॉफी करायला घेतली. पातेलं उतरवताना पक्कड सुटली. दूध ओट्यावरून खाली आलं. पायावर थोडंच उडालं, पण मी घाबरले. दुसऱ्या दिवसापासून गॅसजवळचं सगळं मी माझ्याकडे घेतलं. बाबा काही बोलले नाहीत. फक्त रात्रीची कॉफी त्यांनी बंद केली. ‘‘झोप लागत नाही,’’ म्हणाले. जायफळ घालून चाळीस वर्षं कॉफी प्यायलेला माणूस हे म्हणत होता.

मग मला वाटलं, मशीन आलं की हा प्रश्न आपोआप सुटेल. माझी हौस भागेल, त्यांची सोय होईल.

बाबांनी ३४ वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. त्यामुळे एस्प्रेसो म्हणजे काय हे त्यांना समजावणं सोपं गेलं. बारीक दळलेली १८ ग्रॅम कॉफी धातूच्या जाळीच्या वाटीत दाबून बसवायची, त्यातून ९० ते ९६ अंश तापमानाचं पाणी साधारण ९ बार दाबाने ढकलायचं आणि २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी कपात घ्यायची. इटलीत तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचं पेटंट घेतलं, पण नुसत्या वाफेने एवढा दाब येत नाही. तो आला दुसऱ्या महायुद्धानंतर, मिलानच्या अकिले गाज्जियाच्या मशीनमध्ये. त्यात माणूस दांडा ओढायचा आणि स्प्रिंग पाणी ढकलायची. कॉफीवर येणारा तो बदामी रंगाचा फेसाचा थर तेव्हापासूनचा. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या मशीनने ते काम विजेच्या पंपाकडे दिलं.

‘‘मग या खोक्यावर पंधरा बार का लिहिलंय?’’ बाबांनी विचारलं.

मी सांगितलं, पंप जास्तीत जास्त तेवढा दाब देऊ शकतो. चांगल्या मशीनमध्ये व्हॉल्व्ह असतो, तो दाब नऊच्या आसपास आणतो.

‘‘म्हणजे स्पीडोमीटरवर १८० लिहिलंय म्हणून लक्ष्मी रोडवर कोणी १८० ने जात नाही.’’

ग्राइंडरचं म्हणणं तर त्यांना माझ्याआधी पटलं. कॉफीचे कण लहान-मोठे असले की बारीक कणांतून कडूपणा उतरतो आणि जाड कणांतला गोडवा आतच राहतो. मग एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागतं. मिक्सरचं पातं बिया तोडतं, म्हणून कण कधीच सारखे होत नाहीत. ग्राइंडरमध्ये दोन दातेरी बर असतात, त्यांच्यामधल्या फटीतून जेवढं जाईल तेवढंच खाली पडतं. ‘‘जातं आहे ते,’’ बाबा म्हणाले. ही फट मायक्रॉनमध्ये बदलता येते हे ऐकून ते सरसावून बसले. मायक्रोमीटर त्यांच्या हातात आयुष्यभर होता.

मला आवडलेलं मशीन १३५० वॉटचं होतं. त्यांनी भागाकार केला, जवळपास ६ अँपिअर. ओट्यावरचे छोटे सॉकेट ६ अँपिअरचेच होते आणि १६ चा एकमेव सॉकेट मायक्रोवेव्हने अडवला होता. शिवाय आमच्या सोसायटीत निम्मं पाणी बोअरचं. बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो तोच मशीनच्या बारीक नळ्यांत धरणार. महिनाभर व्हिडिओ बघून मला यातलं काही सुचलं नव्हतं.

एका रविवारी आम्ही दुकानात गेलो. तिथल्या मुलाने मोठ्या उत्साहाने सगळं मांडलं. कॉफी दाबून बसवण्याचं काम बाबांनी पहिल्याच फटक्यात केलं, अगदी सपाट. मग कॉफी भरलेली ती दांड्याची वाटी, पोर्टाफिल्टर, मशीनखाली धरून खाचेत बसवून फिरवायची होती. ती वाटी जड असते, वर नेमक्या जागी धरावी लागते आणि पिळून घट्ट करावी लागते. बाबांची खाच लागेना. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी सगळी कॉफी काउंटरवर सांडली.

मुलाने ती पटकन त्यांच्या हातातून घेतली. ‘‘काका, तुमच्यासाठी हे बेस्ट आहे,’’ म्हणत आम्हाला पूर्ण ऑटोमॅटिक मशीनपाशी नेलं. बिया आत टाकायच्या, पडद्यावर बोट लावायचं. दळणं, दाबणं, पाणी, फेस, सगळं तेच करतं. बाबांनी बोट लावलं. बोट कापलं, दोनदा लागलं. एकामागोमाग दोन कप कॉफी आली. आम्ही तिघेही हसलो. मुलाने ती दुसरी कॉफी मला दिली. कॉफी चांगली होती.

परतताना रिक्षा कर्वे रोडच्या सिग्नलला थांबली, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘मला कॉफी प्यायची नाहीये गं. करायची आहे.’’

मी काही उत्तर दिलं नाही, पण रात्री मोजत बसले. ते माझ्याकडे आल्यापासून मी काय काय हातातून घेतलं होतं? शर्टाची बटणं. दाढीचा साबण. भाजी निवडणं. चेकवर सही करताना कागद धरणं. त्यातलं निम्मं त्यांना जमत होतं. त्यांना वेळ लागायचा आणि मला बघवायचं नाही, एवढंच. दुकानातल्या मुलाने जे तीन सेकंदांत केलं ते मी दोन महिने करत होते.

दुसऱ्या दिवशी मी टॅब बंद केले आणि चौकटीची वही घेऊन बाबांसमोर बसले. टूलरूममध्ये नवा पार्ट बनवायचा असला की आधी ऑपरेशन शीट करतात. कामाचा क्रम, त्याला लागणारं हत्यार, कुठे चुकू शकतं. बाबांनी सांगितलं, मी लिहिलं. मशीन कुठलंही असो, प्रत्येक कृतीपुढे एकच रकाना महत्त्वाचा होता: यात गरम काय आहे आणि ते उचलावं लागतं का?

या रकान्यात एकेक उमेदवार गळत गेला. मोका पॉट मला फार आवडतो. आल्फोन्सो बियालेत्तीचा १९३३ सालचा तो अष्टकोनी ॲल्युमिनियमचा घाट, खाली पाणी, मध्ये कॉफी, वाफेचा दाब पाणी वर चढवतो. पण तो गॅसवर ठेवायचा आणि गरम असताना उचलायचा. गेला. फ्रेंच प्रेसमध्ये उकळतं पाणी काचेच्या भांड्यात ओतायचं. गेलं. २००५ साली आलेला एअरोप्रेस हलका, प्लास्टिकचा, पडला तरी फुटत नाही. पण गरम पाण्याने भरलेली नळी कपावर उभी धरून वरून दाबायचं. तोही गेला.

दाक्षिणात्य पितळी फिल्टरपाशी बाबा बराच वेळ थांबले. तो ओट्यावर घट्ट बसतो, काही पिळायचं नाही, दाबायचं नाही, डिकॉक्शन आपल्या गतीने उतरतं. फक्त उकळतं पाणी ओतायचं.

‘‘ओतायचं पाणी गार असतं तर हाच घेतला असता,’’ ते म्हणाले.

गार पाणी ओतायचं मशीन मला माहीत होतं. आमच्या जुन्या ऑफिसच्या पँट्रीत होतं आणि आम्ही सगळे त्याला नावं ठेवायचो. साधा ड्रिप कॉफी मेकर. माझ्या चौदा टॅबमध्ये तो एकदाही आला नव्हता.

तो पावणेतीन हजारांत आला. त्याचा हँड ग्राइंडर दुप्पट किमतीचा. मशीन घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाबांनी माझ्याकडून त्याचा तळ उघडून घेतला. वॉरंटीचं काय ते तिथेच संपलं. आत एक यू आकाराची नळी, तिला चिकटून हीटर आणि पाणी मागे जाऊ नये म्हणून एक छोटा व्हॉल्व्ह. बाबा पंप शोधत होते, तो सापडेना. मग मशीन लावून आवाज ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं. नळीतलं पाणी उकळतं, बुडबुडे तयार होतात, व्हॉल्व्हमुळे त्यांना मागे जाता येत नाही, मग ते पाणी ढकलत वर नेतात आणि कॉफीवर सोडतात. टाकी रिकामी होताना शेवटी जी खळखळ होते ती नळीतल्या उरल्यासुरल्या पाण्याची. तोच हीटर वर काचेचं भांडं गरम ठेवतो. ‘‘एकही फिरणारा पार्ट नाही,’’ बाबा म्हणाले. इतक्या आदराने ते माझ्या पगाराबद्दलही कधी बोलले नव्हते.

कागदाच्या गाळणीची कल्पना ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची, १९०८ सालची. मुलाच्या वहीतला टीपकागद आणि खिळ्याने भोकं पाडलेलं पितळी भांडं, एवढ्यावर तिने सुरुवात केली. विजेवर चालणारं ड्रिप मशीन जर्मनीतच १९५४ च्या सुमाराला आलं. या मशीनमध्ये ९ बार नाही, फेसाचा थर नाही. पाण्याचं तापमान नेमकं किती हे ते मशीनही सांगू शकणार नाही. भांडं तव्यावर जास्त वेळ राहिलं तर कॉफी करपट लागते. नेहमीचं प्रमाण लिटरला ६० ग्रॅम, पण आम्हाला त्यात दूध घालायचं असतं म्हणून ३०० मिलिलिटर पाण्याला आम्ही ३० ग्रॅम घेतो. चिकमगळूरच्या जरा गडद भाजलेल्या बिया चालतात. दूध मायक्रोवेव्हमध्ये, जाड कानाच्या मगमध्ये, अर्ध्यापर्यंतच भरून.

बाबा सकाळी साडेसातला गोळी घेतात. दूध किंवा खाणं तिच्यानंतर अर्ध्या तासाने, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तो अर्धा तास आता दळण्याचा. ग्राइंडर गुडघ्यांत धरून ते दांडा फिरवतात. त्यांचा हात नुसता मांडीवर ठेवला की कापतो, कामाला लागला की कापणं कमी होतं. मात्र फेरे हळूहळू लहान आणि मंद होत जातात. मोठ्याने आकडे मोजले तर गती टिकते, हे त्यांनीच शोधलं. त्यामुळे सकाळी आमच्या घरात ‘एकशे बारा, एकशे तेरा’ असं ऐकू येतं.

काही दिवस गोळीचा गुण यायला उशीर होतो आणि बिया ओट्यावर सांडतात. आम्ही एक नियम केलाय. ते ‘घे’ म्हणेपर्यंत मी हात लावायचा नाही. नऊ वाजता कॉल असतो, पावणेनऊ झालेले असतात आणि बाबा कागदाची गाळणी उघडत असतात, तेव्हा मी हात मागे बांधून उभी राहते. या सगळ्यात मला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट हीच. एस्प्रेसो शिकणं सोपं गेलं असतं.

एस्प्रेसो मला अजूनही आवडते. शनिवारी कॅफेत जाऊन पिते. मित्रमैत्रिणी विचारतात, घरी कुठलं मशीन घेऊ? मी आधी विचारते, कॉफी कोण करणार, सकाळी किती वेळ असतो, प्लग कुठे आहे, पाणी कुठलं आहे. मग दाबाचं बोलू. त्यांना हे उत्तर फारसं आवडत नाही.

ऑपरेशन शीट फ्रिजवर लावलेली आहे. नऊ कृती आहेत, प्रत्येकीपुढे कोण करणार ते पेन्सिलने लिहिलंय. नववी कृती जायफळ, किसणीवर. तिथे ‘बाबा’ होतं. दिवाळीनंतर एकदा त्यांचं बोट किसणीला लागलं. दोन दिवसांनी मी पाहिलं, त्यांनी ते खोडून माझं नाव लिहिलं होतं. मला विचारलं नव्हतं, मीही त्याबद्दल बोलले नाही. आता मी किसते आणि ते शेजारी उभे राहून बघतात.

‘‘बास, जास्त होतंय,’’ ते रोज म्हणतात.