पांढऱ्या ज्युदोगीवरचे डाग

मराठीत ‘डाग’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. सोन्याच्या दागिन्याला आपण डाग म्हणतो. प्रवासाला निघालेले कुटुंब गाडीत चढण्यापूर्वी सामानाचे डाग मोजते. गळके भांडे डाग देऊन सांधले जाते आणि गुरांना ओळखीसाठी डागले जाते. मोल, ओझे, सांधा, खूण असे नाना अर्थ एका शब्दात सुखाने नांदत असताना, कपड्यावर आणि चारित्र्यावर पडणारा डागच तेवढा आपल्याला आधी आठवतो.

शब्दांच्या अशा छटा वर्गात उलगडून दाखवणे हा आम्हा पती-पत्नींचा व्यवसाय. एकाच महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो. परंतु गेली पाच वर्षे डागाचा आमचा खरा अभ्यास मोरीत, बादलीपाशी चालला आहे. आमची पंधरा वर्षांची मुलगी ज्युदो खेळते आणि ज्युदोचा गणवेश पांढरा असतो.

या गणवेशाला ज्युदोगी म्हणतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था स्थापन करून ज्युदोची पद्धतशीर मांडणी केली. आरंभीच्या ज्युदोगीच्या बाह्या आणि पायजमा दोन्ही आखूड असत. आजच्या लांबीचा गणवेश विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाला. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याची गळपट्टी आणि बाही धरूनच बहुतेक डाव टाकले जातात. त्यामुळे जाकिटाचे सुती कापड जाड, तांदळाचे दाणे पेरल्यासारख्या विणीचे असते. ही वीण पकडीला जितकी सोयीची, तितकीच मळ धरून ठेवायलाही. भिजल्यावर ते जाकीट पिळणे हे एका माणसाचे काम नव्हे. आमच्या संसारातील अनेक वाद त्याची दोन टोके धरून, परस्परविरुद्ध दिशांना पिळताना मिटले आहेत.

गणवेशाच्या पांढरेपणावरून ज्युदोच्या जगात बरेच रण माजले होते. पूर्वी दोन्ही खेळाडू पांढऱ्यात उतरत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खुल्या गटाचे सुवर्णपदक जिंकणारे डच खेळाडू अँटन गेसिंक यांनी १९८६ मध्ये सुचवले की प्रेक्षकांना व पंचांना दोघे ओळखू यावेत यासाठी एकाने निळा गणवेश घालावा. जपानमधून याला तीव्र विरोध झाला. पांढरा रंग हा त्यांच्या दृष्टीने परंपरेचा आणि शुचितेचा प्रश्न होता. अखेर १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने निळ्याला मान्यता दिली. आमच्यासारख्या लहान गावांतील तालमीत मात्र बहुतेक मुलांपाशी एकच जोड असतो, आणि तो पांढरा.

डाग काढण्याचे शास्त्र आम्हाला हळूहळू, एकेका डागाने शिकवले. पहिला धडा गळपट्टीवरच्या पिवळेपणाचा. घाम मुळात रंगहीन असतो. त्यातील क्षार व प्रथिने आणि त्वचेवरील तेलकटपणा कापडात मुरतो, हवेने त्याचे रूप पालटते आणि कापड पिवळे पडते. अशा वेळी क्लोरीनचे ब्लीच ओतण्याचा मोह होतो. परंतु ब्लीच सुती धाग्याची ताकद कमी करते, आणि घामाची प्रथिने असलेल्या जागी पिवळेपणा उलट वाढवू शकते. शिवाय ते कशात, विशेषतः आम्ल पदार्थांत, मिसळले तर विषारी वायू सुटतो. त्यापेक्षा धुण्याचा सोडा आणि साबणाची पावडर घालून रात्रभर भिजवणे बरे. सरावाहून आलेली ज्युदोगी पिशवीत कोंबून न ठेवता लगेच पसरणे तर सर्वांत बरे. आम्ही कोकणात राहतो; आषाढात ओली ज्युदोगी दोन दिवस पिशवीत राहिली, तर तिसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. ते काढण्यापेक्षा न येऊ देणे सोपे.

दुसरा धडा हळदीचा. कोपर सोलवटून आलेल्या नातीला आजीने मायेने हळद भरली आणि ती बाहीभर पसरली. आम्ही साबण लावताच पिवळा डाग लालभडक झाला. क्षणभर घाबरलो, मग लक्षात आले की कुंकूही हळदीला चुना देऊनच करतात. साबण, सोडा, चुना, कोणताही अल्कधर्मी पदार्थ भेटला की हळद लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. तिचा खरा शत्रू म्हणजे ऊन. हळदीचे रंगद्रव्य प्रकाशात विरते. ओली बाही तीन दिवस कडक उन्हात वाळवली आणि डाग आपोआप फिका होत नाहीसा झाला.

तिसरा धडा रक्ताचा. सरावात प्रतिस्पर्ध्याचे कोपर लागून मुलीचे नाक फुटले आणि गळपट्टीवर थेंबांची रांग उमटली. रक्ताला गरम पाणी कधीही दाखवू नये. अंड्यातला बलक उष्णतेने घट्ट होतो तशी रक्तातली प्रथिने गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. थंड पाण्यात भिजवावे, पाणी पुनःपुन्हा बदलावे, मग प्रथिने तोडणारी विकरे असलेली धुण्याची पावडर थंड पाण्यातच लावावी. तरीही खूण राहिली, तर औषधांच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेसे टाकावे, ते फसफसते. फेस बसला की कापड भरपूर खंगाळावे. पांढऱ्या कापडाला हे चालते. निळ्यावर आधी आतल्या शिवणीपाशी थेंबभर टाकून पाहावे. गरम पाणी टाळण्याचे आणखी एक कारण असे की त्याने सुती कापड आटते, आणि बाहीची लांबी स्पर्धेत मोजली जाते.

ते नाक फुटल्याचे रक्त धुऊ नये असा मुलीचा आग्रह होता. मैत्रिणींना दाखवायचे होते. आम्ही एक दिवस थांबलो.

गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी ती सरावाहून लवकर परतली. न बोलता मोरीत गेली, दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी बादलीच्या तळाशी, इतर कपड्यांखाली दडवलेला पायजमा आम्हाला सापडला. तिने तो उकळत्या पाण्यात साबण घालून धुतला होता, त्यामुळे डाग तपकिरी होऊन पक्का बसला होता. पाळी सरावातच आली होती. मॅटवर कोणी हसले का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “कोणी हसलं नाही. सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.” आठवडाभराने तिने सांगितले की ज्युदो आता पुरे.

एकाच मुलीचे रक्त, एकाच गणवेशावर. नाकाचे होते तेव्हा ते मिरवण्याजोगे होते, आता ते दडवण्याजोगे झाले. पाण्याला हा भेद कळत नाही. दोन्हीला उपाय तोच आणि लागणारा वेळही जवळजवळ तोच. भेद कळतो तो आपल्याला, आणि तो कापडाच्या विणीपेक्षा कितीतरी घट्ट विणलेला असतो. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न थेट विठ्ठलापुढे मांडला. विटाळ देहाचा म्हणावा, तर त्यावाचून कुणाचा देह जन्मला, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे. तो अभंग आम्ही दरवर्षी शिकवतो. परंतु घरातल्या बादलीत तो प्रश्न येतो तेव्हा त्याला टीपा आणि संदर्भ नसतात, फक्त एक मुलगी असते आणि ती जेवत नाही.

खेळांच्या नियमांनाही हा प्रश्न उशिरा कळला. जाकिटाच्या आत महिला खेळाडूंनी पांढरा टी-शर्ट घालावा इतका तपशील ज्युदोच्या नियमांत आहे. पायजम्याखाली काय, हा विषय निघत नाही. विम्बल्डनने २०२३ पासून महिलांना पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची आतली चड्डी घालू दिली. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने खेळाडूंच्या मागणीवरून पांढऱ्याऐवजी निळी अर्धी चड्डी स्वीकारली. पांढऱ्या रंगाची परंपरा घडवणाऱ्यांत ज्यांना पाळी येते असे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आम्ही मुलीला तिच्या निर्णयाबद्दल काही म्हटले नाही. पायजमा मात्र पुन्हा भिजत घातला, आणि तो धुण्याचे काम आमच्यातल्या पुरुषाने मुद्दाम स्वतःकडे घेतले. दार उघडे ठेवून, अंगणातल्या नळावर. तीन रात्री थंड पाणी आणि विकरांची पावडर, चौथ्या दिवशी पेरॉक्साइड, मग ऊन. आजीने पहिल्या दिवशी तोंड फिरवले, दुसऱ्या दिवशी विचारले की मीठ घातले का. तिच्या काळी मिठाच्या थंड पाण्यात भिजवीत. आणि मग ती प्रथमच आपल्या तरुणपणी त्या चार दिवसांत धुण्यासाठी कुठे, किती वाजता, कोणाला न दिसता जावे लागे, हे सांगू लागली. नात दारात उभी राहून ऐकत होती.

प्रशिक्षकांशी आम्ही बोललो. ते ओशाळले, पण टाळले नाही. सरावाला कोणालाही निळा किंवा काळा पायजमा चालेल, असे त्यांनी मुलामुलींना एकत्र सांगितले, आणि कपडे बदलण्याच्या खोलीत पॅडचा डबा आला. तीन आठवड्यांनी दोन मैत्रिणी घरी आल्या आणि रक्ताच्या डागाला कोणती पावडर लागते, हे त्यांनी आमच्या मुलीला विचारले. तिने त्यांना सगळे क्रमवार सांगितले, गरम पाण्याचा इशारा सर्वांत आधी.

पायजम्यावर चहाच्या कडेसारखी एक अस्पष्ट रेष राहिली आहे. उकळत्या पाण्याने बसलेला डाग पूर्ण निघत नाही. नवा घेऊ या, असे आम्ही सुचवले. तिने पायजमा खिडकीच्या उजेडात धरला.

“दिसतो का?”

“अगदी जवळ आलं तर दिसतो.”

“इतक्या जवळ जो येईल,” ती म्हणाली, “तो पुढच्या क्षणी पाठीवर पडलेला असेल.”

पायजमा घडी करून तिने पिशवीत घातला आणि सरावाची वेळ झाली म्हणून निघाली.